डाव्या स्पीकरची वायर

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या दोन स्पीकरमधलं अंतर दोन मीटर दहा सेंटिमीटर आहे. समोरची वेताची खुर्ची त्या दोघांपासून तेवढ्याच अंतरावर आहे. ती हलू नये म्हणून तिच्या चारी पायांभोवती मी फरशीवर खडूनं खुणा करून ठेवतो. बायको रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसते, त्यामुळे खुणा आठवडाभर टिकत नाहीत. मग रविवारी सकाळी मी टेप घेऊन पुन्हा गुडघ्यावर बसतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस वर्षं हे चाललंय. पाहुण्यांनी विचारलं तर बायको सांगते, "आमच्याकडं रांगोळी घराच्या आत असते. ती हे काढतात."

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर टॉवेलची लांबी, रुंदी आणि वजन मोजायचं, धुतल्यावर तो किती आकसतो आणि रंग किती सोडतो ते लिहायचं, हे माझं काम. ती सवय घरी उतरते, हे मला मान्य आहे. बायको म्हणते की ती घरातून कारखान्यात गेली असेल. त्यावर मी वाद घालत नाही, कारण दोन्ही बाजूंना पुरावा नाही.

एवढी मापं घेऊन ठेवलेल्या त्या खुर्चीत मात्र मी बसत नाही. ती अण्णांची. अण्णा आमच्यापासून चौथ्या घरात राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. अडतीस वर्षं ते यंत्रमागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. आता वय सत्तरच्या पुढं गेलंय आणि कामावरून सुटून बरीच वर्षं झालीत. तरी आसपासचे दोन-तीन छोटे कारखानदार त्यांना अजून बोलावतात. चोवीस माग एकदम धडधडत असतात, त्यातला एखादा बारीक कुरकुर करायला लागतो. काहीतरी बिघडतंय एवढं मालकाला कळतं, पण कुठल्या मागाचं ते कळत नाही. अण्णा दारात उभे राहतात, थोडा वेळ ऐकतात आणि बोट दाखवतात. मग तो एकच माग बंद करून खोलायचा. चोवीसपैकी एक. या कामाचे ते काही मागत नाहीत. चहा घेतात आणि त्या दिवशी घरी येताना जरा ताठ चालतात.

रविवारी साडेनऊला ते आमच्याकडं गाणं ऐकायला यायचे आणि अकराला उठायचे. मागांच्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान थोडे मंदावलेत, त्यामुळे आवाज मी जरा वर ठेवतो. ते खुर्चीत बसतात. मी खिडकीजवळ, डाव्या स्पीकरच्या शेजारच्या स्टुलावर बसतो, कारण अॅम्प्लिफायर तिथंच आहे आणि बटणं मला हाताशी लागतात. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकते. बस म्हटलं तर बसत नाही.

आमच्याकडं एक जुनं ध्वनिमुद्रण आहे. त्यात तबला डावीकडून येतो आणि पेटी उजवीकडून. अण्णांना ते फार आवडतं. जानेवारीतल्या एका रविवारी ते लावलं, तेव्हा अण्णांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, तबलजी आज घरीच राहिला का काय?"

मला तबला चांगला ऐकू येत होता. मी म्हणालो, "आहे की अण्णा. व्यवस्थित वाजतोय."

"असंल," ते म्हणाले, आणि मान थोडी डावीकडं वळवून बसले.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "तुमचा डावा स्पीकर कमी तर झाला नाही ना, साहेब? एकदा बघा की."

दारातून बायको म्हणाली, "मला पण डावा कमीच वाटतोय."

मी तिला समजावून सांगितलं की ती उजव्या स्पीकरच्या बाजूला उभी असते, त्यामुळे तिला उजवाच जास्त ऐकू येणार. त्यात स्पीकरचा दोष नाही, जागेचा आहे.

"एकोणीस वर्षं मी ह्याच दारात उभी आहे," ती म्हणाली. "आधी येत होता की."

मी उठून विजेचा रोध मोजायचा मीटर आणला.

काम पद्धतशीर केलं, हे मला सांगायला पाहिजे. दोन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या. दोन्ही बरोबर सहा-सहा मीटर; डावीला एवढी लागत नाही, पण दोन्ही सारख्या हव्यात म्हणून तिची जादा लांबी भिंतीच्या कडेनं फिरवून आणलेली. जेवणाच्या टेबलावर निवडायला ठेवलेली मेथी बाजूला करायला लावली, वायरी सरळ पसरल्या आणि दोन्हींचा रोध मोजला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा केला. प्रत्येक वायर तीनदा मोजली. उजवी शून्य पूर्णांक चार ओहम, डावी शून्य पूर्णांक चार ओहम. वायरी होत्या त्याच जागी परत घालून जोडल्या, आकडे कागदावर लिहिले आणि कागद अण्णांच्या हातात दिला.

"दोन्ही सारख्या आहेत अण्णा. फरक शून्य."

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. मग त्याची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि ती खिशात ठेवली. "मग ठीक हाय," ते म्हणाले. आपला कागद कुणी एवढा जपून ठेवतंय, याचं मला तेव्हा समाधान वाटलं.

त्यानंतर अण्णा आलेच नाहीत. पहिल्या रविवारी मला वाटलं, थंडी आहे. दुसऱ्या रविवारी वाटलं, गावाला गेले असतील. त्या रिकाम्या खुर्चीत मी एकदा बसून बघितलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण मी माझ्या स्टुलावरच बसलो. बटणं तिथं होती.

आणि मला तेव्हा दुसराच उद्योग लागला होता. मोजताना वायरींची टोकं सोलली, तेव्हा आतलं तांबं काळपट पडलेलं आणि मधेमधे हिरवं झालेलं दिसलं होतं. आकडे बरोबर आले तरी ते हिरवं माझ्या डोळ्यांपुढून जाईना. वायरी बदलायच्या असं मी ठरवलं आणि वही काढली.

वायर निवडणं हे वाटतं तितकं सोपं नाही. इंटरनेटवर पाहिलं तर लोक तिच्याबद्दल नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलतात. ही वायर जरा रागीट आहे, ती मोकळ्या मनाची आहे. काहींनी लिहिलं होतं की वायर नवी असताना कोंडलेली वाटते, शंभर तास वाजवल्यावर खुलते. मी टॉवेल मोजणारा माणूस. मी जाडी, लांबी आणि रोध असे तीन रकाने आखले. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घेतली तर सहा मीटरचा जाऊन-येऊन रोध शून्य पूर्णांक शून्य आठ ओहम येतो. जुन्या वायरीच्या पाचवा हिस्सा. यापुढं जाड घेण्यात अर्थ नाही, हे एका संध्याकाळी सिद्ध झालं. बायकोला वही दाखवली.

"मग आणा की जाऊन," ती म्हणाली.

पण या मापाच्याही वायरी अनेक असतात. मी बाजारातल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. त्यांनी दोन नमुने काउंटरवर ठेवले. पहिली वायर पारदर्शक होती, बोटाएवढी जाड, आतल्या तारा सोन्यासारख्या चमकत होत्या आणि अंगावर जाडीपासून तारांच्या संख्येपर्यंत सगळे आकडे छापलेले होते. दुसरी काळी, गोल, मठ्ठ दिसणारी. पाण्याच्या मोटारीला लावतात ती.

"ये देखने की है," चाचा पहिलीला बोट लावून म्हणाले, आणि मग दुसरीला, "और ये चलने की."

"मोटारीची वायर स्पीकरला कशी लावायची?"

"का? उसाला पाणी सोडती, गाणं सोडणार नाही?"

मी दोन्हींचा अर्धा-अर्धा मीटर मागितला, तपासायला. चाचांनी कातरीनं तुकडे कापून दिले. घरी येऊन मी दोन्ही सोलल्या आणि टाचणीनं तारा मोजल्या. चमकदार वायरीत काळीच्या तिपटीहून जास्त तारा निघाल्या. छापलेला आकडा दोन तारांनी चुकला होता, पण माझीच मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजायला घेतलं, तेव्हा बायकोनं दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी काही शंका घेऊन मी परत दुकानात गेलो. नंतर आणखी एकदा. चौथ्या वेळी चाचांनी मला बघून नोकराला सांगितलं, "साहेबांना स्टूल दे. वायरीला भेटायला आलेत."

बायकोला हे कळलं. "मला बघायला हे एकदाच आले होते," तिनं तिच्या भावाला फोनवर सांगितलं. "वायरीला चार वेळा जाऊन आले. अजून होकार नाही."

खरं म्हणजे माझा कल चमकदार वायरीकडं झुकला होता. तिच्यावर आकडे होते. काळीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि जी वस्तू स्वतःबद्दल काही सांगत नाही तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा माझा प्रश्न होता.

याच सुमारास मंगळवेढ्याहून नवी ज्वारी आली. बायकोचं माहेर तिकडचं. ज्वारी आली की दरवर्षी चार-पाच किलो अण्णांच्या घरी जाते. ती पिशवी घेऊन गेली आणि तासाभरानं परत आली ती थट्टेच्या मूडमध्ये नव्हती. समोर येऊन बसली. ती बसली म्हणजे गोष्ट गंभीर असते.

"अण्णांना काय लिहून दिलं होतं तुम्ही?"

"आकडे."

"त्या आकड्यांमुळं ते घर धरून बसलेत."

मग तिनं सगळं सांगितलं. जानेवारीत अण्णांना एका कारखान्यात बोलावलं होतं. त्यांनी दारात उभं राहून बोट दाखवलं, तो माग खोलला, तर त्यात काहीच बिघाड निघाला नाही. खराब माग निघाला त्याच्या पलीकडच्या रांगेतला. चांगला माग अर्धा दिवस उघडा पडला. मालक काही बोलला नाही, पण अडतीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्याकडं त्यांना तबला ऐकू येईना. तेव्हा त्यांच्या मनात आलं, डावा कान गेला. खात्री करायला म्हणून त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांना लेखी दिलं होतं की स्पीकरमध्ये फरक शून्य आहे.

"ते म्हणाले, एका कानानं खडखड कळती, पण ती कुठनं येती ते कळत नाही. त्याला दोन्ही कान लागतात. म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलंय, आता मला बोलवू नका. दोनदा माणूस न्यायला आला, परत पाठवला."

"कान तपासून घेतले का?"

"मी पण विचारलं. म्हणाले, साहेबांनी तपासलंय की."

माझे आकडे चुकलेले नव्हते, याची मला खात्री होती, आणि त्यामुळेच मला बरं वाटत नव्हतं. आकडे खरे असतील तर अण्णांचा कान गेला होता. मी वाईट बातमी नीट टंकलेल्या अहवालासारखी त्यांच्या हातात दिली होती, आणि ती काय आहे हे मला ठाऊकही नव्हतं.

"त्यांना रविवारी बोलावू का?" मी विचारलं.

"ऐकायला या म्हटलं तर येणार नाहीत. अर्धंच ऐकू येतं म्हणतात." मग तिनं टेबलावरचे दोन तुकडे उचलले. "हे घेऊन जावा. वायर कुठली घेऊ म्हणून विचारा. आयुष्यभर सूत पारखलंय त्यांनी, तारच आहे ही पण. विचारलं तर नाही म्हणणार नाहीत."

मी म्हणालो की सूत आणि तांबं यांत फरक आहे.

"तुमच्या वहीत असेल," ती म्हणाली.

रविवारी मी गेलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. मी तुकडे त्यांच्यापुढं ठेवले आणि अडचण सांगितली. कानाचं काही बोललो नाही. त्यांनी आधी दोन्ही तुकडे नुसते हातात धरून वर-खाली केले. मग चमकदार वायरीची एक तार सुटी काढली, अंगठा आणि तर्जनीत धरून तिला पीळ दिला, उलटा पीळ दिला, मग वाकवली, सरळ केली, वाकवली, सरळ केली. चौथ्यांदा ती तुटली. काळीतली तार त्यांनी तशीच वाकवली. ती तुटायचं नाव घेईना.

"तारा हिच्यात तिपटीनं जास्त आहेत," मी चमकदार वायरीची बाजू घेऊन सांगितलं.

"तारा किती ते कशाला, तार कसली ते बघा की," अण्णा म्हणाले. आतून त्यांनी भाजी चिरायची सुरी मागवली आणि तुटलेल्या तारेवर पात्याची धार हळूच फिरवली. सोनेरी रंग निघाला आणि खालून पांढरं दिसलं. "हे तांबं न्हाय. वरनं तांब्याचा हात दिलाय, आत अॅल्युमिनियम."

मी माझी वही उघडून त्या वायरीच्या नावावर रेघ मारली. अण्णांनी ते शांतपणे बघितलं. "किती दिवस चाललं होतं हे?"

"तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत एक पोरगं चालवायला शिकतंय माग," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं काही हललं असावं. मग त्यांनी सहज विचारलं, "जुनीला काय झालंय? कुठंय ती?"

"लावलेलीच आहे अजून. नवी ठरेपर्यंत ठेवलीय."

"दाखवा."

ते उठून माझ्याबरोबर आले. खुर्चीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डाव्या स्पीकरच्या मागं उकिडवे बसले, वायर काढायला गेलो तर मला थांबवलं, आणि जशी होती तशीच ती बोटांच्या चिमटीत धरून स्पीकरपासून पुढं पुढं सरकत निघाले. डोळे मिटलेले. ताण्यातला तुटका धागा जॉबर असाच शोधतो, हे मी पुस्तकी माहितीनं ओळखून होतो, पाहिलं पहिल्यांदाच. भिंतीच्या कडेनं दीड-दोन मीटर सरकल्यावर पुस्तकांच्या कपाटाच्या पायाशी त्यांची बोटं थांबली. वायर त्या पायाखालून गेलेली होती.

"हितं मऊ लागतंय. आत काय न्हाय हितं."

"पण अण्णा, मी मोजलीय. तीनदा."

"कुठं मोजली?"

"टेबलावर."

"सरळ करून?"

"हो. पूर्ण ताणून, सरळ."

अण्णांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. "माग बंद करून, धागा सुटा काढून, टेबलावर ठेवून बघितला तर तो कधी तुटंल का साहेब? तो तुटतो मागावर. जिथं ताण हाय तिथं."

मी मीटर आणला. या वेळी वायर जागच्या जागी ठेवूनच टोकं सोडवली आणि मोजली. आकडा शून्य पूर्णांक चार आला नाही. चक्क नऊ ओहम आला, मग चौदा, कपाटाला जरा हात लागला की सहा, परत दहा. मी कपाट उचलून धरलं आणि वायर बाहेर ओढली, सरळ केली. शून्य पूर्णांक चार. पुन्हा वाकवली. अकरा. त्या जागी वायर सोलली तेव्हा आतल्या बहुतेक तारा तुटलेल्या होत्या आणि सगळ्यांवर हिरवी भुकटी होती. सरळ असली की टोकं एकमेकांना टेकत होती, वाकली की सुटत होती. मी मनात हिशेब केला. दहा ओहम मधे अडवायला बसले तर आठ ओहमच्या स्पीकरपर्यंत शक्तीचा पाचातला एकच भाग पोचत होता. मी डाव्या स्पीकरला गुडघा लावून बसत असल्यामुळे मला तो एक भागही पुरत होता.

हे सगळं मी मोठ्यानं सांगितलं. अण्णा ऐकत होते. दारात बायको उभी होती.

"फरशी पुसायचं पाणी गेलं असेल आत," मी तिला म्हणालो.

"जाईल की. पण कपाट कुणी ठेवलं वायरीवर? दसऱ्याच्या सफाईत कोण टेप घेऊन म्हणत होतं, अजून चार सेंटिमीटर डावीकडं?"

मी म्हणत होतो. तिनं ते आणखी एकदा बोलून दाखवलं नाही, ही तिची मेहेरबानी.

अण्णा फरशीवरच बसून राहिले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सरळ सांगितलं, "अण्णा, मी तुम्हाला चुकीचं लिहून दिलं. डावा स्पीकर कमीच होता. तुमचा कान नव्हे."

त्यांनी खिशात हात घातला, मग तो रिकामाच बाहेर काढला. "आणि त्या कारखान्यात चुकीचा माग दाखवला तो?" त्यांनी विचारलं. हे ते मला विचारत नव्हते बहुतेक, तरी मी उत्तर दिलं की तो एकदाच चुकला, आणि एका मोजणीवरून काही ठरवू नये.

"तुम्ही तीनदा मोजली हुती," अण्णा म्हणाले. बायको दारातल्या दारात हसली.

मी त्याच दुपारी चाचांकडून काळी वायर आणली. बारा मीटर. चाचांनी कापून देताना एवढंच विचारलं, "ठरलं लग्न?" घरी येऊन दोन समान तुकडे केले, टोकं सोलली, जोडली आणि भिंतीच्या कडेनं खिळ्यांच्या आधारानं वर उचलून नेली, फरशीपासून दहा सेंटिमीटर. अण्णा पूर्ण वेळ थांबले होते. टोकांना पीळ त्यांनीच दिला, कारण माझा पीळ बघून त्यांना राहवेना.

गाणं लावलं. अण्णा खुर्चीत बसले. तबला सुरू झाल्यावर ते थोडा वेळ तसेच बसले, मग उठले आणि खुर्ची उलटी केली. स्पीकरकडं पाठ करून बसले. आता तबला त्यांच्या उजव्या हाताला होता आणि पेटी डाव्या. तसंच ऐकलं. मग पुन्हा खुर्ची सरळ केली. मला त्या पद्धतीतलं शहाणपण समजायला अर्धं मिनिट लागलं. दोष कानात असेल तर तो माणसाबरोबर फिरेल, बाहेर असेल तर जागेवर राहील. यासाठी मीटर लागत नव्हता, वही लागत नव्हती, आणि जानेवारीत मी हे करू शकलो असतो. ही गोष्ट मी मोठ्यानं सांगितली नाही.

"दोन्हीकडनं येतंय," अण्णा म्हणाले. "डावा थोडा कमी हाय माझा. पण हाय." मग बायकोकडं वळून म्हणाले, "ताई, फोन द्या जरा. उद्या येतो म्हणून कारखान्यात सांगतो."

सोमवारी माझी सुट्टी होती. येऊ का विचारलं, तर अण्णा म्हणाले, या की.

टॉवेलच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली, पण तपासणी विभाग मागांपासून लांब, काचेच्या आड असतो. जुन्या पद्धतीचे चोवीस माग एकाच पत्र्याखाली चालू असताना मी पहिल्यांदाच आत गेलो. त्या आवाजाला आवाज म्हणावं असं वाटेना, तो छातीतून जात होता. मालकानं हातानंच नमस्कार केला. कुणी काही बोलत नव्हतं, नुसते ओठ हलत होते आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. माझ्याशिवाय.

अण्णा दाराच्या आत दोन पावलांवर उभे राहिले. हात पाठीमागं. ते मालकाकडं बघत नव्हते, मागांकडंही बघत नव्हते, समोरच्या भिंतीवर कुठंतरी बघत होते. बराच वेळ गेला. भिंतीवरचं घड्याळ बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं. मालकाचा चेहरा थोडा अस्वस्थ झाला. अण्णांनी मान जराशी डावीकडं केली, मग मधे आणली, आणि हात वर करून बोट दाखवलं. तिसरी रांग, भिंतीकडून दुसरा.

मालकानं मान हलवली आणि शेजारच्या मागाकडं बोट केलं, हा असेल म्हणून. अण्णांनी बोट खाली घेतलं नाही.

अण्णांनी दाखवलेला माग बंद केला. तेवीस मागांच्या गडगडाटात मला काही फरक कळला नाही, पण मालकानं वळून अण्णांकडं बघितलं आणि सलाम करावा तसा कपाळाला हात लावला. कामगारानं खाली वाकून धोटा ढकलणारा चामड्याचा पिकर काढून दाखवला. एका कडेनं तो झिजून फाटला होता. अण्णांनी तो हातात घेऊन पाहिला, परत दिला आणि माझ्याकडं वळून काहीतरी बोलले. ओठ हलले, एवढंच मला दिसलं. मी मान डोलावली. ते पुन्हा तेच बोलले. मी पुन्हा मान डोलावली.

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेताना मी विचारलं, आत काय म्हणत होतात.

"दोनदा सांगितलं तुमाला," अण्णा म्हणाले. "म्हटलं, साहेब, कानातली बोटं काढा, लोक हसायलेत."